पदवी मिळाली, पुढे कोठे?

शास्त्रपाठ : प्रे. कृत्ये ७:२०-३६, निर्गम २:११-१५

परीक्षांचे निकाल लागले की आपल्या बालाघाटच्या मंडळीत उपकारस्तुतीची पाकिटे वाढतात. कोणाचा मुलगा बी. ए. झालेला असतो, कोणाची मुलगी नर्सिंग पूर्ण करून नागपूरहून आलेली असते. पाळकसाहेब प्रार्थना करतात, पेढे वाटले जातात आणि जो तो विचारतो, "आता नोकरी कोठे?" प्रश्न गैर नाही. आईबापांनी कर्ज काढलेले असते. पण तेवढा एकच प्रश्न विचारून आपण थांबावे काय?

मोशेच्या शिक्षणाविषयी निर्गमाच्या पुस्तकात काही नाही. ते स्तेफन सांगतो. मिसरातील सर्व विद्या मोशेला मिळाली, आणि लगेच पुढल्याच वचनात, चाळिसाव्या वर्षी आपल्या बांधवांची भेट घ्यावी असे त्याच्या मनात आले. राजवाड्यात वाढलेला हा विद्वान विटांच्या कामावर राबणाऱ्यांकडे गेला.

तेथे काय झाले? त्याने एका मिसऱ्याला मारले, दुसऱ्या दिवशी दोघा इब्र्यांच्या भांडणात न्याय करू लागला, तेव्हा त्याच्याच बांधवाने विचारले, तुला आमच्यावर कोणी नेमले? हे लोक आपल्याला समजून घेतील असे त्याला वाटले होते. मन चांगले होते, पण बोलणे अजून राजवाड्यातलेच होते. पुढची चाळीस वर्षे मेंढरांमागे गेली. आणि मेंढपाळ म्हणजे मिसऱ्यांना किळस (उत्पत्ती ४६:३४).

माझेही असेच झाले. डिप्लोमा घेऊन आलो आणि बैहरकडील एका खेड्यात तारणाच्या सिद्धांतावर पाऊण तास बोललो. सभा संपल्यावर एका म्हाताऱ्या बाईने पदराची गाठ सोडून दवाखान्याचा कागद काढला. "बाबा, एवढा शिकलास, ह्यात काय लिहिले ते सांग." तिला पुन्हा तपासणीस बोलावले होते. ती तारीख उलटून तीन आठवडे झाले होते.

आपल्या मराठी मंडळ्यांत डॉ. गुरुबाई करमरकर होऊन गेल्या. १८९२ साली त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. ह्याच महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी पुढल्याच वर्षी वारल्या. शिकलेले वापरण्यास त्यांना अवधीच मिळाला नाही. गुरुबाईंना तो मिळाला. १८९३ साली पती रेव्ह. सुमंतराव ह्यांच्यासह त्या परत आल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये तेवीस वर्षे रोग्यांची, विशेषतः समाजाने दूर ठेवलेल्यांची सेवा केली. पदवीदानाचा दिवस एक. त्यामागून ही तेवीस वर्षे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांच्या वर्गात हा पाठ घ्यावा. आपल्या गल्लीत कागद वाचून दाखवण्यास कोणी नाही असे घर कोणते, हे प्रत्येकाने पुढील रविवारपर्यंत शोधून आणावे. यंदा पदवीधर झालेल्यांना त्या रविवारी वर्गात बोलवावे आणि ती घरे त्यांच्यात वाटून द्यावीत.