आधी इंजिन विचारा, मग हॉटेल

वाफेच्या गाड्यांच्या सहलीचं पत्रक हातात आलं की त्यावर काळा धूर सोडत वळण घेणारं इंजिन असतंच. तेच इंजिन तुमच्या डब्याला लागणार आहे, असं मात्र त्या पत्रकात कुठेही लिहिलेलं नसतं. खाली बारीक अक्षरात ‘परिस्थितीनुसार कार्यक्रमात बदल होऊ शकतो’ एवढं असतं, आणि सगळी गोम तिथेच असते.

मी मुळशीचा. उभी नोकरी पिरंगुटच्या कारखान्यात बॉयलरवर गेली. आमच्या तालुक्यातून प्रवासी रेल्वे जात नाही. रूळ आले होते ते धरणाच्या कामासाठी. डिसेंबर १९२४ मध्ये सेनापती बापटांनी साथीदारांसह त्या कामाची गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली, ही गोष्ट आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. पुढे धरण झालं, पाणी भिऱ्याला उतरलं, १९२७ पासून तिथली वीज मुंबईकडे जाऊ लागली. टाटांच्या या जलविद्युत योजनांमागे एक हेतू असा होता की मुंबईच्या गिरण्यांनी कोळसा सोडून विजेवर चालावं. म्हणजे आमच्या भातखाचरांवर उभ्या राहिलेल्या पाण्याने वाफेला घालवायला हातभारच लावला, आणि त्याच तालुक्यातला मी निवृत्तीनंतर वाफ शोधत देशभर हिंडलो. असो.

पुण्यातल्या एका संयोजकाने सहल काढली होती. बरोबर त्याचा माणूस, सगळी आरक्षणं त्याच्याकडे, डोंगरी लाइनी, एक जुनी शेड, बाकी प्रवास विमानाने. आम्ही बरेचसे पुणेकर, शिवाय काही इंग्लंडचे पेन्शनर. त्या इंग्रज आजोबांना इंजिनांचे नंबर तोंडपाठ. नंतर कळलं की पैसे भरण्याआधी त्यांनी संयोजकाला पत्र लिहून विचारलं होतं: कोणत्या तारखेला, कोणत्या दोन स्टेशनांच्या दरम्यान, कोणत्या वर्गाचं इंजिन गाडी ओढणार, आणि ते नाही चाललं तर काय. आमच्यातल्या बहुतेकांनी विचारलं होतं ते जेवणात कांदा-लसूण असेल का आणि खोलीत गरम पाणी मिळेल का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण हॉटेल आयत्या वेळी बदलता येतं. वाफेचं इंजिन बदलून मिळत नाही, कारण दुसरं बहुधा नसतंच.

ते का नसतं, हे आधी समजून घ्यायला हवं. आपल्याकडे चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन, ‘अंतिम सितारा’, १९७० मध्ये बाहेर पडलं. ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर–फिरोजपूर धावली. मीटरगेजवर आणखी थोडी वर्षं निघाली, इतकंच. महाराष्ट्रात तर शोधूनही सापडणार नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेवर होती, आता ती गाडीच बंद आहे. १९०७ ची नेरळ–माथेरान लाइन आहे, पण तिथली वाफ कधीच गेली. पावसाळ्यात तर नेरळहून गाडी सुटतही नाही, वरची अमन लॉज ते माथेरान एवढीच ये-जा चालू असते. तेव्हा पत्रकात ‘माथेरान, वाफेच्या युगातला अनुभव’ असं वाचलंत तर त्याचा अर्थ डिझेलचं इंजिन आणि छान हवा. वाईट काही नाही, पण पैसे वाफेचे देऊ नका.

याहून फसवा प्रकार म्हणजे वाफेच्या इंजिनाचं सोंग. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकतानगर ते अहमदाबाद अशी वारसा गाडी सुरू झाली. तिच्या इंजिनाला रूप वाफेचं, आत मात्र विजेचं यंत्र. रेल्वेने ते लपवलेलं नाही. सहलवाले मात्र ‘स्टीम हेरिटेज’ म्हणून अशा गाडीचा फोटो लावून मोकळे होतात. लहान मुलांना घेऊन खुशाल जा. बॉयलर ऐकायला जाणाऱ्याने जाऊ नये.

तिसरा प्रकार रेवाडीचा. दिल्लीजवळ हरियाणात रेवाडीला वाफेच्या इंजिनांची १८९३ ची शेड आहे आणि तिथे ‘अकबर’, ‘आझाद’, ‘शहेनशाह’ अशी ब्रॉडगेजची मोठी इंजिनं सांभाळलेली आहेत. १८५५ ची ‘फेअरी क्वीन’ हीसुद्धा तिथलीच. चालू स्थितीतलं सर्वांत जुनं इंजिन म्हणून तिचं नाव गिनीजमध्ये नोंदलं गेलं होतं. आता, शेड बघणं, भट्टी पेटलेलं इंजिन बघणं आणि त्याच्या मागच्या डब्यात बसून प्रवास करणं, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि तिन्हींचे खर्चही वेगळे. पत्रकात ‘रेवाडी शेडला भेट’ असेल तर भट्टी थंड असणार हे धरूनच चला. मोठा बॉयलर थंडगार अवस्थेतून वाफेवर आणायला रात्र जाते. घाई केली तर पत्रे आणि नळ्या असमान तापून जोड सुटतात. दहा-वीस पाहुण्यांसाठी कुणी सहज पेटवत नाही, आणि पेटवूही नये.

खरी, रोजच्या वेळापत्रकातली वाफ हवी असेल तर माझं मत निलगिरीला. मेट्टुपाळयम ते उदगमंडलम ही सुमारे ४६ किलोमीटरची मीटरगेज लाइन १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये वर उटीपर्यंत पोहोचली. पण इथेही नीट बघा: वाफेचं इंजिन फक्त मेट्टुपाळयम ते कुन्नूर. कुन्नूरहून उटीला डिझेल लागतं. ‘उटीची वाफेची गाडी’ म्हणून कुन्नूर–उटीचं तिकीट देणारे आहेत, तेव्हा तिकिटावरची स्टेशनं वाचा.

कल्लारपासून कुन्नूरपर्यंत रुळांच्या मधोमध दात्यांच्या पट्ट्या आहेत. चढ बारास एक. इंजिनाच्या पोटाखालचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकतं आणि गाडी वर सरकते. माझ्यासारख्याला गंमत वाटली ती त्याच्या चार सिलिंडरांची. एरवी दोनच सिलिंडर काम करतात. दात्यांवर आल्यावर खालच्या सिलिंडरांतून निघालेली वाफ वाया न घालवता वरच्या दोन सिलिंडरांत सोडतात आणि तिच्यावर दातेरी चाक फिरतं. एकाच वाफेकडून दोनदा काम! आमच्या कारखान्यात वाफेची गळती धरून दिली तर साहेब खूश व्हायचे. विंटरथुरच्या स्विस कारागिरांनी शंभर वर्षांपूर्वी हे लोखंडात बसवून ठेवलं होतं. चढताना इंजिन गाडीच्या मागे असतं आणि डबे पुढे ढकलतं. त्यामुळे पहिल्या डब्यातून दऱ्या दिसतात, तर शेवटच्या डब्यात इंजिनाचा श्वास ऐकू येतो. संयोजकाने आम्हाला ‘सर्वांत चांगला’ म्हणून पहिला डबा दिला होता. मी एका कुटुंबाला विनंती करून जागा बदलून घेतली. तेही खूश, मीही. तुम्हाला काय हवंय ते आरक्षणाआधीच सांगा.

आणि महिना. निलगिरीला परतीचा मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर झोडपतो, दरडी रुळांवर येतात आणि लाइन दिवस-दिवस बंद राहते. दिवाळीच्या सुट्टीत ही सहल ठेवणारा संयोजक एकतर अजाण असतो किंवा बेफिकीर. आम्ही फेब्रुवारीत गेलो.

दार्जिलिंगचा हिशेब वेगळा. १८८१ मध्ये पूर्ण झालेली दोन फुटी लाइन, न्यू जलपाईगुडीपासून सुमारे ८८ किलोमीटर. पण खालून वरपर्यंतची रोजची गाडी डिझेलवर आहे. वाफ मिळते ती मुख्यतः दार्जिलिंग ते घूम आणि परत, सुमारे दोन तासांच्या ‘जॉय राइड’मध्ये. या फेऱ्या वाफेच्याही असतात आणि डिझेलच्याही, वाफेचं तिकीट महाग. नाव एकच असल्यामुळे पत्रकात नुसतं ‘जॉय राइड’ असेल तर कोणती ते लेखी घ्या. त्या छोट्या बी वर्गाच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला दोघं जण बसून चढावर रुळांवर वाळू टाकत असतात आणि दुकानांच्या पायऱ्या खिडकीतून हात लावण्याएवढ्या जवळून जातात. त्या दोघांकडे बघितलंत तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणून समजा.

आता घडलेली गोष्ट. कोणत्या लाइनीवर ते लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांचा दोष नव्हता. आमच्यासाठी वाफेची स्वतंत्र गाडी ठरवलेली होती. अर्ध्या वाटेवर गाडी थांबली. संयोजकाचा मुलगा धावत आला, “काका, इंजिन फेल गेलंय म्हणतात. तुम्ही बघता का जरा?” मी बघणार काय, पण गेलो. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा एक इंजेक्टर आधीच नादुरुस्त होता आणि दुसराही पाणी घेईना. गेज ग्लासमध्ये पाणी खाली उतरत होतं. भट्टीच्या छतावरचं पाणी गेलं की ते छत लाल होतं, आणि पुढचं मी सांगायला नको. ड्रायव्हर शांतपणे भट्टी खाली करायला लागला. फायरमनने निखारे ओढून काढले. खरं तर त्या दोघांना नमस्कार करावा अशी ती वेळ होती. आमच्यातले काही मात्र त्यांच्यावरच ओरडायला लागले: “आम्ही एवढे पैसे भरलेत, थोडं पुढे तरी न्या!” इंग्रज आजोबांपैकी कुणी तोंड उघडलं नाही, ते निखाऱ्यांचे फोटो काढत उभे होते. दोन-अडीच तासांनी डिझेल आलं आणि आम्हाला ओढत घेऊन गेलं.

खरा तंटा संध्याकाळी झाला. संयोजक म्हणाला, गाडी पोहोचली म्हणजे सेवा दिली. त्याने रेल्वेकडे पूर्ण भाड्याची विशेष गाडी नोंदवली होती, ज्याला ‘एफटीआर’ म्हणतात, आणि त्या नोंदणीत वाफेच्या इंजिनाची हमी आहे की नाही हे आम्हा कुणालाच त्याने दाखवलेलं नव्हतं. इंग्रजांच्या हातात मात्र त्याचंच पत्र होतं: इंजिन न चालल्यास त्या दिवसाच्या रकमेपैकी ठरावीक भाग परत. त्यांना तो मिळाला. आम्हाला रात्री वाढीव जेवण मिळालं.

म्हणून सहल ठरवताना संयोजकाकडून कागदावर घ्या: वाफेचा प्रत्येक टप्पा, स्टेशनांच्या नावांसह, तो रोजची गाडी आहे की खास नोंदवलेली, खास असेल तर नोंदणीची प्रत, इंजिन बंद पडल्यास किंवा लाइन बंद राहिल्यास परतावा किती, आणि कार्यक्रमात एखादा मोकळा दिवस आहे का. या शेवटच्या गोष्टीवर अडून बसा. आज पाऊस, उद्या बिघाड, परवा वाफ असं होतंच, आणि मोकळा दिवस नसला की विमान पकडायच्या घाईत वाफ मागे राहते. संयोजक म्हणाला, “रेल्वेचं कुणी सांगू शकतं का?” तर तो खरं बोलतोय. मग तेच लिहून दे म्हणावं.

आणि तरीही फसवणूक झालीच, तर पत्रक, पावत्या आणि मोबाइलवरचे निरोप जपून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, संयोजक दिल्लीचा असला तरी मुळशीकराला पुण्यातच. मुदत दोन वर्षांची. आमच्यातल्या एका वकीलबाईंनी हे सांगितलं आणि संयोजकाचा सूर दुसऱ्याच दिवशी मऊ झाला.

बाकी बारीकसारीक. कपडे सुती घाला. टेरिकॉटवर ठिणगी पडली की भोक पडतं. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा, कारण खिडकीबाहेर डोकं काढल्यावर कोळशाचा कण डोळ्यात जातोच आणि डोळा चोळला की बुबुळावर ओरखडा. दमा असलेल्यांनी इंजिनाजवळचा डबा टाळावा. फोटोसाठी रुळांवर उतरणं आणि परवानगीशिवाय इंजिनावर चढणं हे रेल्वे कायद्याने गुन्हे आहेत. सहलीतला माणूस ‘आपली ओळख आहे, चढा’ म्हणाला तरी गार्डाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. ड्रायव्हरला चहा विचारायचा तर गाडी उभी असताना, तो पाणी भरत नसताना.

आणि एवढा खर्च करावा की नाही याबद्दल मनात शंका असेल तर आधी कोथरूडला जा. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय १९९८ पासून तिथे आहे. पौडहून पीएमपीची बस मिळते. तिथे तास-दीड तास उभं राहूनही मन भरलं नाही तर निलगिरीपासून सुरुवात करा. पुण्यावरून जाणारी कुर्ला–कोइम्बतूर एक्सप्रेस आहे आणि कोइम्बतूरहून मेट्टुपाळयम जवळच. त्यासाठी संयोजकही लागत नाही, फक्त जागा फार आधी राखून ठेवाव्या लागतात आणि सकाळी सातच्या सुमाराची गाडी पकडायला आदल्या रात्री मेट्टुपाळयमलाच मुक्काम करावा लागतो.