ताळा कोणाशी जुळवायचा?

ऑप्शनची किंमत काढणाऱ्या संगणक-आज्ञावलीची चाचणी घेताना 'अपेक्षित उत्तर' आणायचे कोठून? पुष्कळदा आज्ञावलीनेच दिलेले उत्तर उचलून चाचणीत लिहिले जाते. म्हणजे विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी तसे! कालचे उत्तर आज बदलले नाही, एवढेच त्यातून कळते.

ब्लॅक व शोल्स यांचे १९७३ चे सूत्र घ्या. शेअरचा भाव १००, करारभाव १००, मुदत एक वर्ष, अखंड चक्रवाढीने व्याज ५ टक्के, चढउतार २० टक्के, लाभांश नाही. कॉलची किंमत १०.४५०६, पुटची ५.५७३५. दोहोंतील फरक ४.८७७१. करारभावाचे आजचे मूल्य ९५.१२२९, ते १०० मधून वजा केले तरी हेच येते. ताळा जुळला.

पण थांबा. चढउतार चुकून २५ टक्के धरला तर दोन्ही किमती सारख्याच वाढतात आणि फरक तोच राहतो! म्हणून वाट दुसरी हवी. कॉक्स, रॉस व रुबिनस्टाइन यांच्या १९७९ च्या द्विपद वृक्षाने एका पायरीत १२.१६ येतात, पायऱ्या वाढवीत गेले की उत्तर १०.४५ कडे सरकते.

आणखी एक फसगत. सूत्रात चढउताराला मुदतीच्या वर्गमुळाने गुणतात. एकाचे वर्गमूळ एकच. तेव्हा वर्गमूळ विसरले तरी वरील उदाहरण बिनबोभाट उत्तीर्ण होते. यासाठी सहा महिन्यांचे उदाहरण घ्यावे: भाव ४२, करारभाव ४०, व्याज १० टक्के, चढउतार २० टक्के. कॉल ४.७६ येतो, वर्गमूळ विसरल्यास ४.२९.