आलेल्या वाटेनं जायचं नाही

बेटा, अमरावतीला खोली घेतलीस, लॅपटॉप घेतला. आता बँकेचं, कॉलेजचं, शिष्यवृत्तीचं सगळं तूच पाहणार. अकोल्यात बसून मला रोज तुझ्या मागे राहता येणार नाही, म्हणून बँकेच्या काउंटरवर नोकरीभर जे पाहिलं आणि निवृत्तीनंतर लोक जे विचारायला येतात, त्यातलं कामाचं लिहून देतो.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी. मेलमधून किंवा मेसेजमधून आलेल्या लिंकवरून पैशाच्या, कागदपत्राच्या कामाला जायचं नाही. मेल खरा वाटला तरी नाही. मेल वाचावा, बंद करावा आणि आपण जपून ठेवलेल्या पत्त्यावरून त्या ठिकाणी स्वतः जावं. खरंच काही काम असेल तर लॉगिन केल्यावर तिथे दिसतंच. फोनचंही तसंच. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावायचा. गूगलवर वर दिसणारा ‘कस्टमर केअर’ नंबर लावू नको, तिथे जाहिरातीचे पैसे भरून भामटाही वर येतो. लिंक न दाबण्याला अपवाद एकच: पासवर्ड बदलायला तूच आत्ता, याच मिनिटाला मागवलेला मेल. न मागता आला असेल तर तो तुझ्यासाठी नाही असं समज.

हे भामटे वेळ बघून येतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ च्या ऑगस्टमध्ये सायबर हल्ला झाला. ११ आणि १३ तारखेला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ तारीख म्हणजे दुसरा शनिवार, बँका बंद. सामान्य माणसालाही असाच गाठतात. महावितरणच्या नावानं २०२२ मध्ये जे मेसेज फिरले त्यात ‘आज रात्री साडेनऊला वीज कापू’ असं असायचं आणि खाली एक मोबाइल नंबर. संध्याकाळी कार्यालय बंद झालेलं, विचारायचं कोणाला? शेजारच्या वहिनी तसाच फोन घेऊन आल्या होत्या. “भाऊजी, रातच्याले लाइन कापतो म्हणते, टाकून देऊ काय पैसे?” मी त्यांना एवढंच सांगितलं की २००३ च्या वीज कायद्यात, कलम ५६ मध्ये, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तासाभराच्या मुदतीवर कोणी लाइन कापत नाही. त्या शांत झाल्या, जुनं बिल काढून पाहिलं, ते भरलेलं होतं.

यातलं घेण्यासारखं काय, तर ज्या खात्याशी आपला संबंध येतो त्याच्या कामाची खरी रीत माहीत करून घ्यायची. बँक ओटीपी मागत नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. ही रीत पक्की ठाऊक असली की घाबरवणाऱ्याचं बोलणं पहिल्या वाक्यातच उघडं पडतं.

आता पत्ता वाचायचा कसा ते नीट शीक, कारण शिकले-सवरलेलेही इथेच चुकतात. वेबसाइटच्या पत्त्यात सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’च्या दोन रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ कुठे आहे ते शोध आणि तिथून उलटं, डावीकडे वाचत ये. रेघेला लागून जे असतं तो खरा मालक. सुरुवातीला बँकेचं नाव, मध्ये ‘महाराष्ट्र’, ‘शासन’ काहीही कोंबता येतं, त्याला काही किंमत नाही. सरकारी पत्ता सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’नं संपतो. बँकांना रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’नं संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितलं, आणि तो शेवट बँकेशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. कुलुपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नको. मधल्या वाटेत कोणी वाचणार नाही एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही, चोराच्या साइटलाही कुलूप असतं. मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं की नावामागचा पत्ता उघडतो. नाव ‘स्कॉलरशिप विभाग’ आणि पत्ता कुठलातरी फुकटातला जीमेल, तर पुढे वाचायची गरज नाही. फोनवर लिंक दाबून धरली की ती कुठे नेणार तेही दिसतं.

आपल्या गावाकडे सध्या सगळ्यात जास्त नुकसान करतात त्या व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे अॅप बसवणाऱ्या, फायली. कधी लग्नपत्रिका म्हणून येतात, कधी आरटीओचं चलान, कधी पीएम किसानची यादी. बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरवरून येतात, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते. दिली की ओटीपी परस्पर चोराकडे. “मी तर कोणालाच ओटीपी नाही सांगितला” असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात, त्यांना कळलंच नसतं की सांगायची गरजच उरली नव्हती. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते. जी ‘इन्स्टॉल’ करायला सांगते ती पत्रिका नाही.

तुझ्या बाबांनाही हे समजावून सांग. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी करावी लागते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. असा भाव, त्यात नोंदणीला मुदत, मग शेतकरी घाईत असणारच. अशा वेळी ग्रुपवर कोणी अॅपची फाइल टाकली तरी ती घ्यायची नाही. प्ले स्टोअरवर जाऊन, अॅप कोणी काढलंय ते नाव वाचून, तिथूनच घ्यायचं. 

तुझा मेल आयडी म्हणजे घरातल्या सगळ्या किल्ल्या टांगलेली खुंटी आहे. बाकी सगळ्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. म्हणून त्याचा पासवर्ड वेगळा ठेव, दुसरीकडे कुठेही वापरू नको. चार असंबद्ध मराठी शब्द जोडलेस तरी लांब आणि लक्षात राहील असा होतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू कर. महिन्यातून एकदा सेटिंगमध्ये जाऊन खातं कुठकुठल्या उपकरणांवर उघडं आहे ते पाहा, अनोळखी दिसलं की बाहेर काढ.

कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे, सेतूमध्ये, कामाची गर्दी असते. तिथे व्हॉट्सअॅप वेब उघडलंस तर निघताना स्वतः लॉगआउट करायचं, आणि डाउनलोडच्या फोल्डरमधून आपली फाइल पुसून रिसायकल बिनही रिकामं करायचं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निश्चिंत राहू नको. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो, आणि दोन्ही गोष्टी तुझ्या कॉलेजच्या फॉर्मवर लिहिलेल्या असतात. चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार दे.

आणि कधी पैसे गेलेच, तर रडत बसायचं नाही, घरचे काय म्हणतील हा विचार करायचा नाही. पहिला फोन १९३० ला, दुसरा बँकेला. खाते क्रमांक, व्यवहाराचा नंबर, वेळ हाताशी ठेव. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतो, लवकर कळवलं तर रक्कम मध्येच अडवता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक ना बँकेची ना तुझी असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंस, तर तुझ्यावर एक रुपयाचाही भार येत नाही. ओटीपी तूच दिला असशील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुझं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून तासाचाही उशीर नको. फोन झाला की स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा. एकटं जावंसं वाटलं नाही तर मला सांग, मी पहिल्या एसटीनं येतो.

दिवाळीला आलीस की आजीच्या फोनमधली अनोळखी अॅप बसवायची परवानगी बंद करून दे. भजनाच्या ग्रुपवर तिला रोज काही ना काही येतं, आणि आलेलं सगळं ती उघडते.