जनावराच्या पोटांतील तार : परीक्षा व शस्त्रक्रिया

लाल कंधारी व देवणी हीं नांदेड-लातूर भागाच्या गोधनाचीं भूषणें होत. अशा जातिवंत जनावरानें एकाएकीं वैरण टाकली, रवंथ कमी झाला, म्हणजे धनी अपचन समजून तेल किंवा काढा पाजतो. जनावर दोन दिवस खातें, पुन्हां वैरण टाकतें. या खटाटोपांत पंधरवडा जातो. अशा दुखण्याचें मूळ पुष्कळदां पोटांत गेलेली तार किंवा खिळा असतें, आणि वायां गेलेले दिवसच जिवावर बेततात.

गाईबैल घास पुरता न चावतां गिळतात व मागाहून रवंथ करतात. कडब्याच्या कुट्टींत किंवा सोयाबीनच्या भुसकटांत कुंपणाचा वा बांधकामाचा तारेचा तुकडा असल्यास तोहि घासाबरोबर पोटांत जातो. जड वस्तु चार पोटांपैकीं दुसऱ्यांत, म्हणजे ज्याचें अस्तर जाळीसारखें असतें त्या पोटांत, अडकून राहते. हें पोट साधारणतः मिनिटास एकदां आकुंचन पावतें. त्यापुढें पडदा व पडद्यापलीकडे हृदय असल्यामुळें तार हळूहळू तिकडे रुतत जाते. गाभण गाईस गर्भाच्या दाबामुळें विण्याच्या सुमारास धोका अधिक.

पाठ कमानीसारखी होणें, पुढील पायांचीं कोपरें बाहेर काढून उभें राहणें व उतारावर कण्हणें हीं पहिलीं लक्षणें होत. गळ्याची शीर फुगली व छातीखालीं सूज आली, तर विकार हृदयापर्यंत पोहोंचल्याचा संशय घ्यावा.

पोटांत काय आहे हें केवळ तर्कानें ठरवूं नये. १८९५ सालीं राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञानें शोधिलेल्या क्ष-किरणांनीं तार व खिळा स्पष्ट दिसतो. प्लॅस्टिक मात्र दिसत नाहीं. सोनोग्राफीनें जाळीच्या पोटाची हालचाल, चिकटलेले भाग, पू व हृदयाभोंवतीं सांचलेलें पाणी कळतें. म्हणून या दोन परीक्षा परस्परांस पूरक होत. पोट उघडून उपयोग होईल किंवा कसें, हें त्यांवरून डॉक्टरांस ठरवितां येतें. उदगीर व परभणी येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत. स्थानिक डॉक्टरांच्या सल्ल्यानें तेथें चौकशी करावी.

शस्त्रक्रियेच्या वेळीं जनावर बहुधा उभेंच ठेवतात. डावी कूस सुईनें बधिर करून मोठें पोट उघडतात व त्यांतून हात घालून जाळीच्या पोटांतील तार, प्लॅस्टिक बाहेर काढतात. तार हृदयांत शिरण्यापूर्वीं हें झालें तर जनावर वांचण्याची आशा चांगली. नंतर ती फारच थोडी उरते. पुढें टांके काढीपर्यंत जखम स्वच्छ ठेवावी, मऊ वैरण थोडी थोडी द्यावी आणि डॉक्टरांनीं सांगितल्याखेरीज बैल जुंपूं नये.

तथापि प्रतिबंध हाच स्वस्त उपाय. कुट्टी करण्यापूर्वीं कडबा झाडावा, भुसकटांतून लोहचुंबक फिरवावा, गोठ्याजवळ तारेचे तुकडे पडूं देऊं नयेत व उकिरड्यावर गुरें सोडूं नयेत. आणि एकदां वैरण टाकलेल्या जनावरानें पुन्हां ती टाकली, तर दुसरा काढा न पाजतां त्याच दिवशीं डॉक्टरांस बोलवावें.