फुलांनी लगडलेलं रोप घरी येताच का हिरमुसतं?

प्रश्न : दर पावसाळ्यात नर्सरीतून फुललेले दोन-तीन गुलाब आणते. पंधरा दिवसांत कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात. माझ्या हाताला झाडं लागत नाहीत, असं घरचे म्हणतात. आता पैसे घालवायचा धीर होत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, दोष तुमच्या हाताचा नाही. फुलांनी भरलेलं रोप जोमदारच असतं, हा समज चुकीचा आहे. त्याची ताकद फुलांवर खर्च होत असते, त्यातच जागा आणि ऊन बदलतं. म्हणून एखाददुसरी कळी, जाड खोड आणि ताजी फूट असलेलं लहान रोप घ्या. ते सहसा स्वस्तही पडतं. आणल्यावर आठवडाभर उजेडाच्या सावलीत ठेवा, मगच कुंडी बदला. मुळांभोवतीचा लाल मातीचा घट्ट गोळा भिजवून बाहेरून हलकेच मोकळा करा. कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे काढत राहा, ते खुंटाचे असतात.

यंदा मात्र बिनपैशाची फुलं लावून बघा. शेजाऱ्यांकडून जास्वंदीची वीतभर, पेन्सिलीएवढी जाड फांदी मागा. खालची पानं काढून ती वाळू-मातीत, सावलीत खोचा. महिन्या-दीड महिन्यात मुळं धरतात. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू नीट वाळला की चुरगळून मातीत पेरा. संकरित असेल तर फूल थोडं वेगळं येईल, पण येईल. गुलबक्षीही बियांवर सहज उगवते. फक्त तिच्या काळ्या बिया विषारी असतात, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.