व्यायामाचे वेळापत्रक : आधी विश्रांतीचे वार लिहा

थंडी पडू लागली की आपल्याकडे व्यायामाचा हंगाम सुरू होतो. ठाण्याच्या तलावपाळीवर, कल्याणच्या काळ्या तलावाकाठी आणि डोंबिवलीच्या मैदानांवर पहाटे नवे चेहरे दिसू लागतात. ज्यांना बाहेर पडणे जमत नाही ते घरातच सतरंजी पसरतात. हा उत्साह बहुधा रथसप्तमीपर्यंत टिकतो. त्यानंतर जी मंडळी दवाखान्यात येतात त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कुणाचा गुडघा धरलेला असतो, कुणाचा खांदा वर जात नाही, तर कुणाला दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते. मी त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो, "आठवड्यातून सुट्टी किती दिवस घेता?" त्यावर मोठ्या अभिमानाने उत्तर येते, "सुट्टी? छे डॉक्टर, एक दिवसही खंड पडू दिला नाही!" दुखण्याचे मूळ पुष्कळदा या उत्तरातच असते.

व्यायामात खंड पडू नये हे खरे. परंतु ठरवून घेतलेली विश्रांती म्हणजे खंड नव्हे. तो व्यायामाचाच एक भाग आहे. घरच्या घरी व्यायाम करणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तालमीत वस्ताद असतो, व्यायामशाळेत शिक्षक असतो, पण घरात "आज पुरे" असे सांगणारे कुणी नसते.

विश्रांतीत शरीर काय करते?

बैठका किंवा दंड काढताना स्नायू बळकट होत नाहीत. त्या वेळी ते थकतात व त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. बळकटी येते ती नंतर. शरीर या इजेची डागडुजी करते आणि पूर्वीपेक्षा थोडे अधिक मजबूत काम करून ठेवते. नेटाचा व्यायाम झाल्यावर हे काम साधारण एक ते दोन दिवस चालते. स्नायूंत साठवलेली साखर खर्च झालेली असते, ती भरून यायलाही सुमारे एक दिवस लागतो. डागडुजी पुरी होण्याआधीच त्याच स्नायूंना पुन्हा जुंपले, तर रोज थोडी थोडी तूट साठत जाते. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना तर स्नायूंपेक्षाही अधिक वेळ लागतो. म्हणूनच स्नायू "अजून जमेल" म्हणत असतात आणि खांदा किंवा गुडघा मात्र कुरकुरू लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्लामुळे, असे सर्रास सांगितले जाते. ते आम्ल व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात निघून जाते. ठणका लागतो तो वर सांगितलेल्या सूक्ष्म इजेमुळे व तिच्या दुरुस्तीमुळे. तो साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवतो आणि मग ओसरतो. अंग दुखले म्हणजेच व्यायाम चांगला झाला, असे मात्र समजू नये.

लोकलचा प्रवास कोणत्या खात्यात?

आपल्या भागातील वाचकांचा एक हक्काचा प्रश्न असतो, "आमचा रोजचा प्रवास हाच व्यायाम नाही का?" मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर. घरापासून कचेरीपर्यंत दीड-दोन तास जाणारे आणि तितकेच येणारे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत.

या प्रश्नाचे उत्तर अर्धे 'हो' असे आहे. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा प्रसिद्ध अभ्यास मांडला. दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळले. तेव्हा स्टेशनपर्यंत झपझप चालत जाणे आणि सरकत्या जिन्याऐवजी पुलाच्या पायऱ्या चढणे यांचा फायदा होतो, ते व्यायामात धरावे. परंतु गर्दीत एका हाताने कडी धरून, मान आखडून तासभर उभे राहणे हा व्यायाम नव्हे. त्यात दम वाढत नाही, ताकद वाढत नाही. वाढतो तो फक्त थकवा, आणि हा थकवा विश्रांतीच्या हिशेबात धरावाच लागतो. घराजवळ नोकरी असलेल्या माणसाचे वेळापत्रक प्रवास करणाऱ्याने जसेच्या तसे उचलू नये, ते याचसाठी. मोबाईलवरील चित्रफितींत रोजचा व्यायाम दाखवणाऱ्याला ठाण्याहून ८ वाजून काही मिनिटांची फास्ट पकडायची नसते!

समतोल म्हणजे काय?

घरच्या व्यायामाची आपली परंपरा मोठी आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रचार केला व तो संस्थानातील शाळांतही नेला. चटईएवढ्या जागेत, एक पैसाही खर्च न करता होणारा असा व्यायाम दुसरा नाही. परंतु नमस्कार, दंड आणि बैठका या तिन्हींत मिळून एक उणीव राहते. त्यांत ढकलण्याचे काम भरपूर होते, ओढण्याचे जवळजवळ होत नाही. पाठीचा वरचा भाग व खांद्यांची मागची बाजू तशीच राहते. दिवसभर संगणकापुढे आणि मोबाईलवर मान घालून बसणाऱ्यांना तर नेमकी हीच बाजू बळकट करण्याची गरज असते.

म्हणून ताकदीच्या व्यायामात पुढील पाच हालचाली असाव्यात :

१) उठबस : खुर्चीवर बसून, हात न टेकता उठणे. जमू लागल्यावर अर्ध्या बैठका.
२) ढकलणे : आधी भिंतीला टेकून दंड, मग ओट्याच्या किंवा पलंगाच्या कडेवर, शेवटी जमिनीवर.
३) ओढणे : तेलाचा रिकामा ५ लिटरचा डबा पाण्याने भरला की ५ किलोचे वजन तयार होते. एक हात व एक गुडघा दिवाणावर टेकून दुसऱ्या हाताने तो डबा कमरेपर्यंत ओढावा.
४) कमरेचा पूल : उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणे, म्हणजेच सेतुबंधासन.
५) पोट व पाठ : कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ धरणे. १० सेकंदांपासून सुरुवात करावी.

प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा केली की एक फेरी झाली (पाचव्या प्रकारात सेकंद मोजावेत). शेवटी "अजून दोन-तीन जमले असते" असे वाटत असतानाच थांबावे. श्वास कोंडू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

आठवड्याचा आराखडा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचे काम द्यावे. 'मध्यम' म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम. ताकदीचा आकडा दोन दिवसांपासून सुरू होतो, ही बाब "रोज करतो" म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

प्रवास करणाऱ्या माणसासाठी मी पुढील आराखडा सुचवतो. कागदावर आधी मंगळवार आणि शुक्रवार या दोन वारांपुढे 'विश्रांती' असे लिहावे. मग बाकीचे वार भरावेत.

रविवार : ताकदीचे पाच प्रकार, २५ ते ३० मिनिटे. मेगाब्लॉकच्या दिवशी घाई कसली?
सोमवार : झपझप चालणे, २५ मिनिटे.
मंगळवार : विश्रांती. वाटल्यास १० मिनिटे हलके ताण.
बुधवार : पुन्हा ताकदीचे पाच प्रकार.
गुरुवार : झपझप चालणे, २५ मिनिटे.
शुक्रवार : विश्रांती.
शनिवार : ५० मिनिटे फिरणे. उपवनच्या तळ्याकाठी किंवा जवळच्या मोकळ्या रस्त्याने.

चालणे मिळून १०० मिनिटे झाली. कामाच्या पाच दिवशी सकाळी स्टेशनपर्यंत १० मिनिटे भरभर चाललात की आणखी ५०. एकूण १५० झाली! संध्याकाळी पाय ओढत घरी येता, ते यात धरू नका. ज्यांना नमस्कार प्रिय आहेत त्यांनी ते ताकदीच्या दिवशी दंडांच्या जागी घालावेत किंवा इतर दिवशी सांधे मोकळे करण्यापुरते चार-सहा सावकाश घालावेत. वार बदलले तरी चालतील. नियम एवढाच की ताकदीच्या दोन दिवसांत किमान ४८ तासांचे अंतर हवे. एकादशी किंवा नवरात्राचा कडक उपास असेल तर त्या दिवशी विश्रांतीचा वार आणावा.

पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकाराची एकच फेरी करावी, पुढे दोन, आणि दोन महिन्यांनंतर झेपल्यास तीन. दर चौथ्या आठवड्यात फेऱ्या निम्म्या कराव्यात. साठी ओलांडलेल्यांनी आठवड्यातून तीनदा ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव जोडावा. पडण्यापासून वाचवणारा तो व्यायाम आहे.

झोप विकून व्यायाम नको

चाळिशीतले एक डोंबिवलीकर गृहस्थ रात्री साडेअकराला झोपत आणि व्यायामासाठी पहाटे साडेचारला उठत. पहिल्या दिवसापासून रोज ५० बैठका. दीड महिन्यात वजन थोडे उतरले, पण जिना उतरताना गुडघे दुखू लागले आणि घरात चिडचिड वाढली. त्यांना औषधापेक्षा झोपेची गरज होती. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, कारण दुरुस्तीचे मोठे काम त्याच वेळी चालते. पाच तास झोपून व्यायाम करणे म्हणजे व्याजाच्या लोभाने मुद्दल घालवणे होय. सकाळी वेळ नसेल तर संध्याकाळी जेवणापूर्वी २० मिनिटे करा. तेही जमत नसेल, तर त्या दिवशी स्टेशनचे चालणे पुरे.

दुरुस्तीला सामानही लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम झाली. वरण, उसळ, पिठले, दूध-दही, अंडी, मासे यांतून ती मिळतात, मात्र ताटात हे पदार्थ रोज आणि पुरेसे हवेत. पोहे-चहावर सकाळ आणि वडापाववर संध्याकाळ काढणाऱ्याला ती पुरत नाहीत.

घरातील स्त्रीची सुट्टी

मंगळवारची विश्रांती पुरुष सहज घेतो. गृहिणीची किंवा नोकरी करून घर सांभाळणाऱ्या स्त्रीची विश्रांती कोण लिहिणार? पाणी भरणे, धुणे, केर काढणे यांत श्रम पुष्कळ होतात, पण ते एकांगी असतात. वाकणे अति, पाठ ताणणे कमी. म्हणून तिलाही वरील पाच प्रकार हवेत. आणि तिच्या विश्रांतीच्या दिवशी घरातील दुसऱ्या कुणीतरी भांडी-धुण्याकडे बघायला हवे. तसे झाले नाही, तर तिच्या कागदावरील 'विश्रांती' हा शब्द नुसता लिहिण्यापुरता राहील. वेळापत्रक एकट्याने नव्हे, सगळ्या घराने बसून करावे.

थांबण्याच्या खुणा

सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडीचे ठोके मोजून लिहून ठेवावेत. ते नेहमीपेक्षा दहाने वाढलेले असतील, झोप लागत नसेल, तीन दिवसांनंतरही ठणका असेल किंवा गेल्या आठवड्यात सहज जमलेली फेरी आज जड जात असेल, तर एक दिवस आणखी विश्रांती घ्यावी. ताप असताना व्यायाम करू नये.

पुढील लक्षणांत मात्र घरी थांबू नये. छातीत दाब किंवा कळ येणे, ती हात, जबडा वा पाठीकडे जाणे, अनपेक्षित धाप लागणे, चक्कर येणे. यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. तसेच सवय नसताना एकदम शेकडो बैठका काढल्यावर स्नायू सुजून अतिशय दुखू लागले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्नायू तुटून त्यातील द्रव्य रक्तात उतरल्याची ती खूण असते व त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पैजेच्या बैठका म्हणूनच टाळाव्यात. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी सुरुवातीपूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारावे व व्यायामाच्या वेळी साखर जवळ ठेवावी.

एक साधा कागद घ्या, सात वार लिहा आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. व्यायाम झाला की त्या वारापुढे खूण करा आणि ठरलेली विश्रांती घेतली की तिथेही तशीच खूण करा. दोन्ही खुणांची किंमत सारखीच आहे. असा कागद रथसप्तमीनंतरही, पुढे पावसाळ्यातही भरत राहिलात, तर तुमचा व्यायाम मार्गी लागला असे समजा.