कथामालिकेचा वाचक आणि नव्या भागाचे मूल्यमापन : होम्स व विम्सी यांच्या संदर्भात

१

लोकप्रिय साहित्याचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आढळतो. एक अंग रंजनमूल्याचे आणि दुसरे समाजशास्त्रीय. या दोन्ही प्रकारच्या विवेचनात वाचक गृहीत धरलेला असतो. त्याचे मत मात्र सहसा विचारात घेतले जात नाही. रहस्यकथा किंवा प्रेमकथा वाचणारा वाचक हाती येईल ते वाचतो, त्याला चोखंदळपणा नसतो, ही समजूत त्यामागे आहे. कथामालिकांचा वाचक या समजुतीत बसत नाही. एकाच नायकाच्या कथा वर्षानुवर्षे वाचणारा हा वाचक प्रत्येक नवा भाग आधीच्या भागांशी ताडून पाहतो, नायक पूर्वीसारखा राहिला नाही अशी तक्रार करतो आणि तरीही पुढच्या भागाची वाट पाहतो. ही केवळ वैयक्तिक आवडनिवड आहे, की या मतामागे काही निकष असतात? असल्यास ते रहस्यकथेत आणि प्रेमकथेत सारखेच असतात काय? प्रस्तुत लेखात इंग्रजीतील दोन मालिकांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. होम्सची मालिका ही शुद्ध रहस्यकथांची आहे. विम्सीच्या मालिकेत मध्येच प्रेमकथा प्रवेश करते. त्यामुळे दोहोंची तुलना उद्बोधक ठरते.

२

आर्थर कॉनन डॉयल यांच्या होम्सविषयक लघुकथा 'स्ट्रँड' मासिकातून जुलै १८९१ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. क्रमशः कादंबरीचा एखादा अंक चुकला की वाचकाचा रस ओसरतो; उलट प्रत्येक कथा स्वयंपूर्ण आणि नायक मात्र तोच, अशी रचना केली तर वाचक मासिकाशी बांधला जातो, हा विचार डॉयल यांनी 'मेमरीज अँड ॲडव्हेंचर्स' (१९२४) या आत्मचरित्रात नमूद केला आहे. याच रचनेने वाचकाला तुलनेची सवय लावली.

डिसेंबर १८९३ मधील 'द फायनल प्रॉब्लेम' या कथेत डॉयल यांनी होम्सचा शेवट केला. लंडनमधील तरुणांनी त्या वेळी काळ्या फिती लावल्या, ही कथा वारंवार सांगितली जाते. तिला समकालीन पुराव्याचा भक्कम आधार नाही. डॉयल यांना संतप्त पत्रे आली, हे मात्र त्यांच्याच निवेदनावरून स्पष्ट होते. तथापि ही पत्रे म्हणजे मागणी होती. तिला मूल्यमापन म्हणता येणार नाही. मूल्यमापन दिसते ते होम्स १९०३ मध्ये 'द एम्टी हाउस' या कथेत परतल्यानंतर. कॉर्नवॉलमधील एका नावाड्याचे मत डॉयल यांनी नोंदवले आहे. होम्स कड्यावरून पडला तेव्हा मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही, असा त्या मताचा आशय आहे.

या अभिप्रायाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. नावाडी कथेतील कोड्याला कमकुवत म्हणत नाही. होम्स वाचला कसा, याचे लेखकाने दिलेले स्पष्टीकरणही तो नाकारत नाही. त्याचा आक्षेप व्यक्तिरेखेच्या अभिन्नतेवर आहे. या निकषाला 'स्वभावसातत्य' म्हणता येईल. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे वाचलेल्या विनोदी निबंधात हाच आक्षेप पांडित्याच्या थाटात मांडला. बायबलच्या संहिताचिकित्सेची पद्धत होम्सकथांना लावून, पुनरागमनानंतरच्या कथा अस्सल की बनावट, असा प्रश्न त्यांनी उभा केला. नावाड्याचा अनुभव आणि विद्वानाचा विनोद एकाच जागी येऊन ठेपतात, यावरून हा निकष शिक्षणाच्या पातळीवर अवलंबून नाही, असे दिसते.

३

रहस्यकथेच्या मालिकेत नायकाने बदलू नये, अशी अपेक्षा असते. प्रेमकथेची गती याच्या नेमकी उलट आहे. प्रेम हा व्यक्तीत बदल घडवणारा अनुभव असून विवाहासारखी घटना एकदा घडली की मागे घेता येत नाही. याची अडचण डॉयल यांनाही जाणवलेली दिसते. 'द साइन ऑफ फोर' (१८९०) मध्ये वॉटसनचे लग्न ठरले. परंतु मालिकेला वॉटसन बेकर स्ट्रीटवरच हवा होता. होम्सच्या पुनरागमनानंतर वॉटसनच्या दुःखाचा ओझरता उल्लेख करून त्याला जुन्या बिऱ्हाडी परत आणण्यात आले. प्रेमकथा येथे मालिकेच्या सोयीसाठी बळी गेली.

१९२८ मध्ये एस. एस. व्हॅन डाइन यांनी रहस्यकथेचे वीस नियम सांगितले, त्यांत प्रेमप्रकरण वर्ज्य ठरवले. त्याच वर्षी डोरोथी सेयर्स यांनीही आपल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत प्रेमप्रकरण रहस्यकथेला बहुधा मारक ठरते, असे प्रतिपादन केले. असे असताना १९३० मध्ये 'स्ट्राँग पॉइझन' या कादंबरीत त्यांचा नायक लॉर्ड पीटर विम्सी हा खुनाच्या आरोपावरून खटल्यात उभ्या असलेल्या हॅरिएट वेनच्या प्रेमात पडतो. नायकाचे लग्न लावून मालिका संपवावी, असा आपला हेतू होता, पण या दोन व्यक्तिरेखा होत्या त्या स्थितीत ते शक्य झाले नाही, असे सेयर्स यांनी पुढे लिहिले. प्राण वाचवणाऱ्याशी कृतज्ञतेपोटी केलेला विवाह समतेचा होऊ शकत नाही, हा हॅरिएटचा पेच आहे. तो सुटण्यासाठी विम्सीला भूतकाळ, दौर्बल्य आणि अंतर्जीवन देणे भाग पडले. 'हॅव हिज कारकस' (१९३२) व 'गॉडी नाइट' (१९३५) यांतून ही प्रक्रिया पूर्ण होते. 'गॉडी नाइट'मध्ये तर खून नाहीच. ऑक्सफर्डमधील एका कल्पित महिला महाविद्यालयात येणारी निनावी पत्रे आणि उपद्रव एवढेच रहस्य आहे. 'बसमन्स हनीमून' (१९३७) या कादंबरीच्या उपशीर्षकातच, ही प्रेमकथा असून तपास हा तिच्यातील व्यत्यय आहे, असे सुचवले आहे.

४

या चार कादंबऱ्यांविषयी वाचकांत दोन तट पडले, ते आजही कायम आहेत. कोड्यासाठी वाचणाऱ्यांना 'गॉडी नाइट' पसरट वाटते आणि विम्सी हरवल्यासारखा भासतो. हॅरिएटसाठी वाचणाऱ्यांना तीच कादंबरी मालिकेचे शिखर वाटते. दोन्ही गट मालिकेशी एकनिष्ठ आहेत. मतभेद आहे तो मालिकेने वाचकाला कोणते वचन दिले होते, याविषयी. क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३७ मध्ये 'स्क्रूटिनी'त केलेली कठोर टीका या दोन्हींहून वेगळी आहे. कादंबरीचा वाङ्मयीन आव पोकळ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो मालिकेबाहेर उभे राहून घेतलेला आहे.

हान्स रॉबर्ट याउस यांच्या 'अपेक्षांचे क्षितिज' या संकल्पनेनुसार, अपेक्षांपासून कलाकृती जितकी दूर जाते तितके तिचे कलामूल्य अधिक असते. मालिकेच्या वाचकाला हे सूत्र पुरते लागू पडत नाही. त्याचे क्षितिज मालिकेनेच घडवलेले असते आणि नव्या भागाने ते ओलांडावे, पण मोडू नये, अशी त्याची मागणी असते. रहस्यप्रेमी वाचक घटनेत नावीन्य आणि व्यक्तीत स्थैर्य मागतो. प्रेमकथेचा वाचक व्यक्तीत परिवर्तन मागतो, परंतु ते पूर्वभागांतून उगवलेले असावे, असा त्याचा आग्रह असतो. 'पूर्वीसारखे राहिले नाही' या एकाच वाक्याचे दोन्ही ठिकाणी अर्थ भिन्न आहेत.

५

या विवेचनाचा मराठी साहित्यव्यवहाराशी थेट संबंध आहे. बाबूराव अर्नाळकर (निधन १९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड या नायकांचे स्वतंत्र चाहते होते. पुढे सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद असे भिन्न प्रकृतीचे नायक उभे केले. एकाच लेखकाच्या अनेक मालिकांतील नायकांची वाचकांनी केलेली तुलना, हे अभ्यासासाठी उत्तम क्षेत्र आहे. परंतु डॉयलच्या नावाड्याचे मत लेखकाने लिहून ठेवले म्हणून उरले. मराठीत ही मते मुख्यतः सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या फळीपाशी व्यक्त झाली, किंवा फार तर पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने उतरली. त्या लायब्रऱ्यांपैकी अनेक बंद पडल्या, जीर्ण प्रती रद्दीत गेल्या आणि तो वाचकवर्ग आता वृद्ध झाला आहे.

सारांश, मालिकेच्या नित्यवाचकाचे मत निकषयुक्त असते. प्रकारानुसार ते निकष बदलतात. आणि लेखकाला ते टाळता येत नाहीत. लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासकाने संहितेबरोबर या मतांचेही संकलन करणे आवश्यक आहे. हयात वाचकांच्या मुलाखती, लायब्रऱ्यांच्या नोंदवह्या, समासातील शेरे आणि लेखकांना आलेली पत्रे ही त्याची साधने होत. त्यांतील पहिले साधन फार काळ उपलब्ध राहणार नाही.